समाजमाध्यमांवरील चर्चेतून शिक्षकाने शिकावे कसे

शिक्षकाचे काम माणसांच्या गराड्यात चालते, पण अध्यापनाविषयीचे प्रश्न त्याला बहुतेक वेळा एकट्यानेच सोडवावे लागतात. ज्या तासाला आपला धडा फसतो, त्याच तासाला शेजारच्या वर्गातले सहकारी आपापल्या फळ्यासमोर उभे असतात. मधल्या सुट्टीत भेट होते तेव्हा हजेरी, परीक्षा आणि परिपत्रके यांचेच बोलणे निघते, आणि धडा नेमका कुठे फसला हा प्रश्न आपल्याबरोबर घरी परत जातो. लहान शाळेत एखादा विषय शिकवणारा एकच शिक्षक असेल, तर तो प्रश्न ज्याला कळेल असे दुसरे माणूस त्या इमारतीत नसतेच. मात्र तोच विषय, त्याच वयाच्या मुलांना शिकवणारा आणि त्याच अडचणीतून नुकताच बाहेर पडलेला कोणीतरी जगात कुठेतरी असतो, आणि समाजमाध्यमांमुळे त्याच्यापर्यंत पोहोचता येते. अमेरिकेतील जेफ्री कारपेंटर आणि डॅनियल क्रुटका या संशोधकांनी ट्विटर वापरणाऱ्या ७५५ शिक्षक-प्राध्यापकांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांशी किंवा पालकांशी संपर्क ठेवण्यापेक्षा स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी हे माध्यम अधिक वापरले जाते, असे त्या पाहणीत दिसले. आपले एकटेपण कमी झाल्याचेही अनेकांनी नोंदवले.

तरीही चर्चा वाचणे आणि चर्चेतून शिकणे यांत मोठे अंतर आहे. रोज तासभर शिक्षणविषयक पोस्ट वाचूनही अध्यापनात तिळमात्र फरक न पडलेले शिक्षक पुष्कळ आहेत, आणि त्यात त्यांच्या हुशारीचा किंवा कळकळीचा दोष नाही. आपण शिकत आहोत की नाही, हे पाहण्यासाठी मी एकच कसोटी वापरतो: गेल्या महिन्यात वाचलेल्या चर्चांमुळे माझ्या वर्गात कोणती एक गोष्ट बदलली? उत्तर सुचले नाही, तर ते वाचन विरंगुळा होते असे समजावे. विरंगुळ्यात गैर काही नाही, पण त्याला व्यावसायिक अध्ययन म्हणता येणार नाही. वर्गातला प्रश्न घेऊन चर्चेत जाणे, तिथून एक बदल घेऊन वर्गात येणे आणि काय घडले ते सांगायला पुन्हा त्याच चर्चेत जाणे, एवढा फेरा पूर्ण झाला तरच चर्चेचा उपयोग होतो. पुढील मार्गदर्शन याच फेऱ्याच्या क्रमाने केले आहे.

आधी प्रश्न, मग माध्यम

कोणते ॲप घ्यावे, खाते कुठे उघडावे, हा विचार नंतरचा. प्रथम आपल्या वर्गातील एक अडचण नेमक्या शब्दांत लिहून काढावी. हे वाटते तितके सोपे नाही, आणि चर्चेतून काही हाती न लागण्याचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते इथेच आहे.

समजा, एखाद्या शिक्षकाने विचारले, ‘दशांश अपूर्णांक कसे शिकवावेत?’ त्याला पंचवीस उत्तरे मिळतील: चित्रे वापरा, पैशांची उदाहरणे द्या, खेळ घ्या, मुलांना कंटाळा येऊ देऊ नका. यांतील एकही उत्तर चुकीचे नाही आणि एकाचाही उपयोग नाही, कारण विचारणारा कुठे अडला आहे हे उत्तर देणाऱ्यांना ठाऊकच नाही. आता हाच प्रश्न असा विचारून पाहा: ‘दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा वर्ग आहे. ०.४५ आणि ०.६ यांतील मोठी संख्या कोणती, असे विचारल्यावर ३२ पैकी १४ मुलांनी ०.४५ असे उत्तर दिले. ४५ हे ६ पेक्षा मोठे, असे त्यांनी कारण सांगितले. स्थानिक किमतीचा तक्ता फळ्यावर दोनदा काढून दाखवला. तेवढ्यापुरते त्यांना पटले, पण आठवड्याने तीच चूक परत आली. ही समजूत इतकी टिकून का राहते? ती मुलांना स्वतःलाच खटकेल असा एखादा प्रश्न तुम्ही विचारता का?’

या दुसऱ्या प्रश्नात वर्ग कोणता, काय दिसले, काय करून पाहिले आणि नेमके काय हवे आहे, या चारही गोष्टी आल्या आहेत. अक्षरमर्यादा असलेल्या माध्यमावर तो एका पोस्टमध्ये मावणार नाही. तेव्हा तो कापून लहान करण्यापेक्षा एकाखाली एक जोडलेल्या दोन-तीन पोस्टमध्ये लिहावा. ‘काय करून पाहिले’ हा भाग कधीही गाळू नये. तो वाचून उत्तर देणाऱ्याला प्राथमिक सल्ले वगळता येतात, आणि विचारणारा तयार उत्तराच्या शोधात आलेला नसून स्वतः धडपडून आलेला आहे, हेही त्याला कळते. अनुभवी माणसे अशाच प्रश्नापाशी थांबून विचार करतात.

असा प्रश्न विचारल्यावर येणारे चांगले उत्तर कसे असते, हेही पाहण्यासारखे आहे. गणिताचा एखादा जाणकार शिक्षक लिहील, ‘तुमच्या वर्गातील उरलेली १८ मुलेही तपासा. दशांश चिन्हानंतर जितके अंक जास्त तितकी संख्या लहान, अशीही एक समजूत मुलांमध्ये आढळते. शतांश हा दशांशापेक्षा लहान असतो, एवढे अर्धवट लक्षात राहिल्याने ती तयार होते. अशी मुले ०.६ हे बरोबर उत्तर देतात, पण चुकीच्या कारणाने. त्यांना ०.७३ आणि ०.४ ही जोडी द्या. ती ०.४ ला मोठे म्हणतील. आणि तुमची ती १४ मुले मात्र इथे बरोबर उत्तर देतील. म्हणून प्रत्येक मुलाला दोन्ही जोड्या विचारा.’

या उत्तरात शिकवण्याची कोणतीही युक्ती दिलेली नाही, तरी त्याने प्रश्न विचारणाऱ्याची नजरच बदलली. तो उपाय मागायला आला होता, आणि आपले निदान अपुरे होते हे त्याला कळले. वर्गात एक गैरसमज आहे असे तो धरून चालला होता; तिथे परस्परविरोधी दोन गैरसमज असू शकतात, आणि त्यांतील एक बरोबर उत्तरांच्या आड लपून बसतो. समाजमाध्यमांवर मिळणाऱ्या मदतीत मी या प्रकारच्या मदतीला सर्वांत वरचे स्थान देतो. तयार कृतिपत्रिका एका तासाला पुरते, पण सुधारलेली नजर पुढच्या प्रत्येक वर्गात उपयोगी पडते.

कुठे बोलावे

ख्रिस मेसिना यांनी ऑगस्ट २००७ मध्ये एकाच विषयावरील विखुरलेले संदेश हॅशटॅगने, म्हणजे # चिन्ह लावलेल्या शब्दाने, एकत्र बांधण्याची कल्पना ट्विटरवर मांडली, आणि पुढच्या काही वर्षांत शिक्षकांनी तिचा फार कल्पक उपयोग करून घेतला. २००९ साली ‘एडचॅट’ या हॅशटॅगखाली शिक्षकांची साप्ताहिक चर्चा सुरू झाली, २०१० साली ब्रिटनमधील शिक्षकांची ‘यूकेएडचॅट’ आली, आणि त्यानंतर विषयवार, इयत्तावार आणि प्रदेशवार अशा अनेक चर्चा उभ्या राहिल्या. ट्विटरचे नाव २०२३ मध्ये एक्स झाले. त्या सुमारास तिथले अनेक शिक्षक मॅस्टोडॉन, ब्लूस्काय अशा तशाच इतर माध्यमांवर गेले, आणि एके काळी एका जागी भरणारा मेळा विखुरला. म्हणून एखाद्या हॅशटॅगच्या जुन्या कीर्तीवर विसंबू नये. त्याखालील गेल्या दोन आठवड्यांतील पोस्ट उघडून पाहाव्यात. तिथे फक्त जाहिराती आणि एकही प्रतिसाद न मिळालेले दुवे दिसत असतील, तर नाव मोठे असले तरी चर्चा संपलेली आहे. एका माणसाने प्रश्न विचारला, दुसऱ्याने उत्तर दिले आणि पहिल्याने उलट विचारणा केली, असे तीन पायऱ्यांचे बोलणे दिसले, तर ती जागा जिवंत आहे असे समजावे.

खुल्या माध्यमांचे आणि बंद गटांचे उपयोग वेगवेगळे आहेत. व्हॉट्सॲप, टेलिग्राम किंवा फेसबुकवरील गटांत ओळखीची माणसे असतात, भाषा आपली असते आणि अभ्यासक्रमही बहुधा तोच असतो. तिथे ‘उद्याच्या पाठासाठी कोणाकडे चांगली आकृती आहे का’ असे मोकळेपणाने विचारता येते. पण व्हॉट्सॲपच्या एका गटात १,०२४ पर्यंत आणि टेलिग्रामच्या गटात २ लाखांपर्यंत सदस्य असू शकतात, आणि गट मोठा झाला की शुभेच्छा, फॉरवर्ड आणि सूचना यांच्या पुरात चांगला प्रश्न तासाभरात वाहून जातो. असा गट चालवणाऱ्या ॲडमिनला माझी विनंती आहे की, गटाचा विषय अरुंद ठेवावा, शुभेच्छांना स्पष्ट शब्दांत मनाई करावी आणि आठवड्यातील एक दिवस वर्गातील प्रश्नांसाठी राखून ठेवावा. सदस्यांनीही उत्तर देताना मूळ प्रश्नाला जोडूनच द्यावे, म्हणजे नंतर शोधणाऱ्याला प्रश्न आणि उत्तर एकत्र सापडतात.

खुल्या माध्यमांवर अनोळखी माणसे भेटतात, आणि हेच त्यांचे बळ आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली असे दाखवून दिले की, नवी माहिती बहुधा जवळच्या मित्रांकडून येत नाही, ती तोंडओळखीच्या माणसांकडून येते. कारण जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही आधीच ठाऊक असते. ग्रॅनोव्हेटर यांनी ते नोकरी शोधणाऱ्यांच्या संदर्भात मांडले होते, पण अध्यापनालाही ते लागू पडते असा माझा अनुभव आहे. एकाच शाळेत वर्षानुवर्षे काम केलेल्यांच्या सवयी एकमेकांसारख्या होतात. वेगळ्या देशातील, वेगळ्या अभ्यासक्रमाचा शिक्षक जेव्हा ‘तुम्ही हा घटक या क्रमाने का शिकवता?’ असे विचारतो, तेव्हा त्या क्रमाचे कारण आपण कधी तपासलेच नव्हते हे आपल्या लक्षात येते. म्हणून एक बंद गट आणि एक खुले माध्यम अशी जोडी ठेवावी, आणि सुरुवातीला त्याहून अधिक काही घेऊ नये.

ऐकण्याचा काळ

नव्या ठिकाणी गेल्यावर पहिले दोन-तीन आठवडे फक्त वाचावे, आणि त्याचा संकोच बाळगू नये. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ साली मांडले की, कोणत्याही व्यवसायात नवखा माणूस आधी काठावर राहून, लहानसहान कामे करत आणि जाणत्यांना पाहत शिकतो, आणि हे काठावरचे असणे हाही त्या समूहातील रास्त सहभाग असतो. चर्चेची भाषा कशी आहे, कोण अनुभवावरून बोलतो आणि कोण ऐकीव बोलतो, कोणते प्रश्न पूर्वीच पुष्कळ वेळा चर्चिले गेले आहेत, हे या काळात समजते. मात्र काठावर कायमचे राहिले, तर आपला स्वतःचा प्रश्न कधीच विचारला जात नाही. तेव्हा चौथ्या आठवड्यात दुसऱ्याच्या प्रश्नाला आपल्या वर्गातील एखादे निरीक्षण जोडून छोटे उत्तर द्यावे. पहिला शब्द उच्चारण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

कोणाला फॉलो करावे, हे ठरवताना अनुयायांच्या संख्येकडे पाहू नये. जो शिक्षक फसलेल्या पाठांविषयीही लिहितो, आपले मत बदलल्याचे कबूल करतो, विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष कामाविषयी बोलतो आणि प्रश्नांना उत्तरे देतो, तो निवडावा. सुविचार आणि सजवलेल्या वर्गांची छायाचित्रेच देणाऱ्या खात्यांकडून प्रसन्नता मिळेल, पण शिकायला फारसे मिळणार नाही. आपल्याशी सहमत नसलेले दोन-तीन अभ्यासू शिक्षक त्या यादीत मुद्दाम ठेवावेत. फॉलो केलेल्यांची संख्या वाढली की विषयवार याद्या कराव्यात, म्हणजे आज फक्त गणिताचे वाचायचे असे ठरवता येते.

ठरलेल्या वेळेची चर्चा

साप्ताहिक चर्चा बहुधा एक तासाची असते. सूत्रसंचालक ठरावीक अंतराने क्रमांक घालून प्रश्न मांडतो, सहभागी शिक्षक त्याच क्रमांकाने उत्तर देतात, आणि प्रत्येक पोस्टमध्ये चर्चेचा हॅशटॅग असतो. प्रथमच भाग घेणाऱ्याला ही गर्दी गोंधळात टाकते, कारण एकाच वेळी पन्नास माणसे बोलत असतात. त्यावर उपाय असा की, सर्व काही वाचण्याचा प्रयत्नच करू नये. प्रश्न आधी जाहीर झालेले असतील, तर त्यांतील एक किंवा दोन निवडून आपली उत्तरे आदल्या दिवशी लिहून ठेवावीत, म्हणजे त्या तासातला वेळ टाइप करण्यात जात नाही आणि इतरांना प्रतिसाद देण्यासाठी मोकळा राहतो. स्वतःच्या दहा पोस्ट टाकण्यापेक्षा दोघांना नेमके उलट प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते. ‘छान कल्पना’ असे लिहिण्याऐवजी ‘हे करताना मागे पडणाऱ्या मुलांचे काय होते?’ असे विचारले की समोरचा माणूस थांबून विचार करतो, आणि तासाच्या गडबडीतही दोघांचे खरे बोलणे सुरू होते.

एक्सवर साध्या खात्याला एका पोस्टमध्ये २८० अक्षरे मिळतात, ब्लूस्कायवर ३००, तर मॅस्टोडॉनवर सर्वसाधारणपणे ५००. इतक्या जागेत एक मुद्दा आणि एक उदाहरण बसते; दोन मुद्दे कोंबले की दोन्ही पुसट होतात. ज्यांना ठरलेली वेळ गाठणे जमत नाही, त्यांच्यासाठी दिवसाला एक प्रश्न याप्रमाणे आठवडाभर चालणाऱ्या संथ चर्चा असतात. माझा कल या संथ चर्चांकडे आहे, कारण सकाळी प्रश्न वाचून, दिवसभर वर्गात तो मनात ठेवून, संध्याकाळी लिहिलेले उत्तर बहुधा अधिक खरे असते.

चर्चा संपल्यावर लगेच दहा मिनिटे काढून हाती लागलेल्या दोन-तीन गोष्टी आपल्या वहीत किंवा फाइलमध्ये स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात. नुसते बुकमार्क करून ठेवलेले पुन्हा क्वचितच उघडले जाते. शिवाय माध्यमांची नावे, मालक आणि नियम बदलतात, पोस्ट पुसल्या जातात. आपल्या शिकण्याची नोंद आपल्याकडेच असावी.

पटते ते खरे असते का

या माध्यमांचा सर्वांत मोठा धोका असा आहे की, शिक्षकांना आवडणारी चुकीची माहिती तिथे फार वेगाने पसरते. आपण वाचलेल्यापैकी १० टक्के, ऐकलेल्यापैकी २० टक्के आणि स्वतः केलेल्यापैकी ९० टक्के लक्षात ठेवतो, असे सांगणारा रंगीत त्रिकोण प्रत्येक शिक्षकाने कधी ना कधी पाहिला असेल. त्याच्याशी एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाचे नाव जोडले जाते. डेल यांनी १९४६ साली प्रत्यक्ष अनुभवापासून नुसत्या शब्दांपर्यंत अनुभवांची मांडणी करणारा शंकू मांडला हे खरे आहे, पण त्या शंकूत टक्केवारी नव्हती. ती नंतर कोणीतरी चिकटवली, आणि तिच्यामागे कोणतेही विश्वासार्ह संशोधन नाही. त्या आकड्यांची सुबक गोलाई पाहूनच शंका यायला हवी होती, आणि तरीही मी स्वतः तो त्रिकोण एका गटात पुढे पाठवला होता, याची मला आजही खंत वाटते. काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून आणि काही हाताळून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीने शिकवावे, ही कल्पनाही अशीच लोकप्रिय आहे. २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो असे म्हणण्याइतका पुरावा त्यांना आढळला नाही.

अशा दाव्यांची तपासणी करण्याची एक सोपी पद्धत सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांच्या २०१७ च्या अभ्यासातून पुढे आली. त्यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातील विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस संकेतस्थळे कशी वाचतात याची तुलना केली. इतिहासकार आणि विद्यार्थी तेच पान वरपासून खालपर्यंत बारकाईने वाचत राहिले आणि अनेकदा फसले. तथ्यतपासनीसांनी मात्र ते पान लगेच सोडले आणि नव्या टॅबमध्ये त्याच्याविषयी इतर काय म्हणतात ते शोधले. शिक्षकानेही तसेच करावे. आकर्षक पोस्टकडे टक लावून तिची सत्यता ठरत नाही. दाव्यातील शब्द आणि कर्त्याचे नाव घेऊन बाहेर शोधावे, मूळ संशोधनापर्यंत जाता येते का पाहावे, आणि ते सापडेपर्यंत ती पोस्ट पुढे पाठवू नये.

अनुभवावर आधारलेल्या सल्ल्याची तपासणी वेगळ्या प्रकारे करावी लागते, कारण तिथे खोटे कोणी बोलत नसते. ‘माझ्या वर्गात याने जादू झाली’ असे कोणी लिहिले, तर वर्ग किती मुलांचा होता, मुले किती वयाची होती, आधी काय केले जात होते, आणि फरक पडला हे कशावरून कळले, असे नम्रपणे विचारावे. १५ मुलांच्या वर्गातील युक्ती ६० मुलांच्या वर्गात उलटू शकते. ‘मुलांना मजा आली’ हे उत्तर आले, तर मजा आली हे आनंदाचेच आहे, पण मुले शिकली की नाही हा प्रश्न अजून शिल्लक आहे असे समजावे.

मुलांचे नाव आणि मान

या एका बाबतीत तडजोड नसावी. विद्यार्थ्याचे नाव, चेहरा, आवाज, हस्ताक्षर, आजारपण किंवा घरची परिस्थिती चर्चेत आणू नये. उत्तरपत्रिकेचे छायाचित्र टाकण्याचा मोह होतो, पण मुलाची चूक आपण स्वतः नव्याने लिहून काढली तरी प्रश्नाला काहीच बाध येत नाही. नाव गाळले म्हणजे झाले असेही नाही. शाळा ठाऊक असलेल्या वाचकाला ‘पाचवीतली ती बोलताना अडखळणारी मुलगी’ एवढ्या वर्णनावरून मूल ओळखता येते. मुलांच्या चुका हसण्यासाठी तर कधीच मांडू नयेत. आज ज्याच्या उत्तरावर अनोळखी माणसे हसतात, ते मूल उद्या ती पोस्ट वाचू शकते, आणि शिक्षकावरचा त्याचा विश्वास पुन्हा जुळत नाही. सहकाऱ्यांविषयी आणि पालकांविषयीही हाच नियम पाळावा. बंद गट प्रत्यक्षात बंद नसतो, कारण तिथल्या कोणत्याही संदेशाचा स्क्रीनशॉट काही क्षणांत बाहेर जाऊ शकतो. तेव्हा जे वाक्य त्या मुलाच्या आईसमोर म्हणता येणार नाही, ते गटातही लिहू नये. आपल्या संस्थेचे समाजमाध्यमांविषयीचे नियम खाते उघडण्यापूर्वी वाचून घ्यावेत.

मतभेद होतील, आणि व्हायलाही हवेत. कोणी चुकीचे वाटणारे काही लिहिले तर आधी त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडून ‘तुम्हाला असेच म्हणायचे आहे ना?’ असे विचारावे. अर्धे वाद तिथेच मिटतात. दोन-तीन फेऱ्यांनंतरही बोलणे माणसावरच घसरत असेल, तर खाते म्यूट करून शांतपणे बाजूला व्हावे.

वर्गात परत येताना

चर्चेतून आलेल्या कल्पनांपैकी एका वेळी एकच निवडावी. तीन बदल एकदम केले, तर कशाने काय झाले हे कळत नाही, आणि आठवड्याभरात तिन्ही सुटतात. बदल इतका लहान असावा की, तो उद्याच्याच तासाला करता येईल: एखादा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारणे, उदाहरणांचा क्रम बदलणे, तास संपताना प्रत्येक मुलाकडून एका ओळीचे उत्तर लिहून घेणे. तो करण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावे की, काय दिसले तर हे जमले असे मी म्हणेन आणि काय दिसले तर नाही. हे आधी लिहिणे फार महत्त्वाचे आहे, कारण मेहनत केल्यावर आपल्याला यश दिसतेच, मग ते असो वा नसो.

दशांशांच्या उदाहरणात हे असे होईल. शिक्षक सोमवारी दोन्ही जोड्या प्रत्येक मुलाला चिठ्ठीवर विचारतो आणि उत्तरांचे चार गठ्ठे करतो: दोन्ही बरोबर, फक्त पहिले बरोबर, फक्त दुसरे बरोबर, दोन्ही चूक. मग पुढचा आठवडाभर तो दशांश अपूर्णांक संख्यारेषेवर मांडून घेतो आणि ०.६ व ०.६० एकाच बिंदूवर का येतात यावर मुलांना वाद घालू देतो. त्यानंतरच्या आठवड्यात तो त्या विषयाचे नावही काढत नाही, कारण शिकवल्यानंतर लगेच घेतलेल्या चाचणीत मुलांच्या आठवणीची परीक्षा होते आणि समजुतीची होत नाही. तिसऱ्या सोमवारी तो नव्या संख्या घेऊन तशाच दोन जोड्या पुन्हा विचारतो आणि गठ्ठे मोजतो.

या सर्वाला वेळ किती लागतो, अशी शंका रास्त आहे. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे चर्चेसाठी आणि एकदा दहा मिनिटे वहीसाठी ठेवली तरी पुरेसे होते. सूचनांचे आवाज बंद ठेवावेत, आणि झोपण्यापूर्वीची वेळ यासाठी वापरू नये. वहीतील प्रश्न, बदल आणि परिणाम यांच्या तारखांसह नोंदी असल्या की, व्यावसायिक विकासाचा दाखला मागितला गेल्यावर त्या दाखवताही येतात.

आता फेऱ्याची शेवटची पायरी, जी बहुतेक जण गाळतात. ज्या पोस्टखाली आपण प्रश्न विचारला होता, तिथेच परत जाऊन काय घडले ते लिहावे. नवी पोस्ट करण्यापेक्षा जुन्या प्रश्नालाच जोडावे, म्हणजे वर्षभरानंतर हीच अडचण घेऊन येणाऱ्या शिक्षकाला प्रश्न, सल्ला आणि निष्पत्ती एका जागी मिळेल. अपयश आले असेल तर ते अवश्य लिहावे, कारण यशाच्या गोष्टींची तिथे रेलचेल असते आणि काय चालत नाही हे सांगणारे फार थोडे असतात. सल्ला देणाऱ्याचाही त्यावर हक्क आहे. त्याने वेळ दिला, आणि आपल्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे त्याला सहसा कधी कळतच नाही.

ती नोंद अशी असू शकते: ‘तीन आठवड्यांपूर्वी दशांशांविषयी विचारले होते. दोन्ही जोड्या विचारल्यावर कळले की, बरोबर उत्तर देणाऱ्या १८ पैकी ५ मुले चुकीच्या कारणाने बरोबर होती. संख्यारेषेवर आठवडाभर काम केले. मध्ये एक आठवडा सोडून पुन्हा विचारले, तेव्हा पहिल्या गैरसमजाची १४ पैकी ४ मुले उरली. दुसऱ्या गैरसमजाची मात्र पाचही तशीच आहेत. त्यांच्याशी एकेकट्याने बोललो. दशांश चिन्हानंतरचे अंक शून्याच्या डावीकडे मांडायचे असतात असे समजून ती संख्यारेषेकडे उलट्या बाजूने पाहतात, असा मला संशय आहे. ऋण संख्यांशी याचा गोंधळ होत असेल का? असे कोणाच्या वर्गात दिसले आहे का?’